रजोनिवृत्तीतील झळा आणि औषधांची निवड

(तालुक्यातील महिला मंडळे, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या संयुक्त मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजचा विषय घरातही दबक्या आवाजात बोलला जातो. तो भर सभेत, आणि तोही एका पुरुषाने मांडावा, याचे काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही. कलाशाखेचा पदवीधर आहे, आणि शास्त्रातील माहिती सोप्या शब्दांत लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला. त्याचे कारण पुढे ओघात येईलच.

पाळी सलग बारा महिने आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. आपल्या देशात ही अवस्था साधारणतः वयाच्या ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास येते. या काळात इस्ट्रोजेन या हॉर्मोनचे प्रमाण घटते. ते घटले की शरीराचे तपमान सांभाळणाऱ्या मेंदूतील केंद्राजवळच्या काही पेशी अतिसंवेदनशील होतात. उष्णता किंचित वाढली तरी शरीर फार तापले असा त्यांचा समज होतो. मग छाती, मान, चेहरा यांतून झळ उसळते, घाम फुटतो, धडधडते आणि मागाहून हुडहुडी भरते. ज्यांचा त्रास सौम्य आहे त्यांना औषधाची गरज नसते. परंतु रात्रीतून तीनचारदा उठून घामाने भिजलेले कपडे बदलावे लागत असतील, तर 'वयाचा दोष' म्हणून ते सोसत राहणे योग्य नव्हे.

या झळांवर सर्वांत गुणकारी उपचार हॉर्मोनचाच आहे. त्याने त्रास साधारणतः तीन चतुर्थांश कमी होतो. पण ज्यांना स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात वा हृदयविकार होऊन गेला आहे, त्यांना तो सहसा देत नाहीत. अशा स्त्रियांसाठी हॉर्मोन नसलेली औषधे आहेत. त्यांचा गुण काहीसा कमी, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

पहिला गट व्हेन्लाफॅक्सिन, पॅरॉक्सेटीन यांसारख्या गोळ्यांचा. या मुळात नैराश्यावरच्या. येथेच माझी गोष्ट येते.

माझ्या थोरल्या भगिनी शिक्षिका आहेत. स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांना झळांचा असह्य त्रास होऊ लागला. डॉक्टरांनी व्हेन्लाफॅक्सिन दिले. मी पाकिटातला कागद वाचला, त्यावर 'नैराश्य' हा शब्द पाहिला आणि म्हणालो, "ताई, तुला वेड लागलेले नाही. ही गोळी बंद कर." ताईंनी माझ्या शब्दाखातर ती एकदम सोडली. दोनतीन दिवसांत चक्कर, मळमळ आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होऊ लागले. त्यांना डॉक्टरांकडे नेले तेव्हा ते रागावले नाहीत. ही गोळी झळांवरही लागू पडते, ती एकाएकी सोडावयाची नसते, हळूहळू कमी करावयाची असते, एवढे त्यांनी शांतपणे समजावले. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. ताई घेत असलेल्या टॅमॉक्सिफेन या कर्करोगाच्या औषधाच्या कार्यात पॅरॉक्सेटीन अडथळा आणते, म्हणून त्यांनी ते मुद्दाम टाळले होते. जो विचार त्यांनी इतक्या बारकाईने केला होता, तो मी एक शब्द वाचून मोडीत काढला होता.

वस्तुतः झळांसाठी पॅरॉक्सेटीनची मात्रा ७.५ मिलिग्रॅम इतकी अल्प असते, तर नैराश्यावर ती सहसा २० मिलिग्रॅमपासून सुरू होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या अल्प मात्रेला झळांसाठी २०१३ साली मान्यता दिली. व्हेन्लाफॅक्सिनने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो तपासत राहावे लागते.

दुसरे औषध गॅबापेन्टिन. हे मूळचे अपस्माराचे. याने गुंगी येते. त्यामुळे ज्यांची झोप घामाने मोडते, त्यांना ते रात्री घेणे सोयीचे. मात्र वयस्कर स्त्रियांनी चक्कर येऊन पडण्याचा धोका ध्यानी घ्यावा, आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो आधी सांगावा. तिसरे ऑक्सिब्युटिनिन, मूत्राशयाच्या तक्रारीवरचे. लघवीची घाई आणि झळा दोन्ही असतील त्यांना त्याचा दुहेरी उपयोग होतो. पण तोंड कोरडे पडते, मलावरोध होतो आणि उतारवयात स्मरणशक्तीवर परिणाम होण्याची भीती असते.

चौथे फेझोलिनेटँट. हे खास झळांसाठीच तयार झाले आणि मेंदूतील त्या अतिसंवेदनशील पेशींचा संदेश अडविते. अमेरिकेत त्याला मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये, यकृताला गंभीर इजा होऊ शकते असा ठळक इशारा त्यावर छापणे तेथे बंधनकारक झाले. ते घेण्यापूर्वी आणि घेत असताना ठरावीक काळाने यकृताची तपासणी करावी लागते. नवे म्हणून ते सर्वांना चांगले, असा हिशेब येथे चालत नाही.

जाहिरातीतील वनस्पतिजन्य गोळ्यांविषयीही सावध राहावे. औषध नसलेल्या साध्या गोळीनेही काही काळ झळा कमी झाल्याचे प्रयोगांत दिसते. तेव्हा शेजारणीला गुण आला, एवढा पुरावा पुरेसा नाही. उलट वाढलेले वजन घटविणे आणि मानसोपचारातील विचार-वर्तन पद्धती यांचा लाभ होतो असे आढळले आहे.

तात्पर्य, 'कोणती गोळी चांगली?' हा प्रश्नच अपुरा आहे. त्रास दिवसाचा की रात्रीचा, पूर्वीचे आजार कोणते, चालू औषधे कोणती, तपासण्यांना येणे जमेल काय, या चार गोष्टी घरूनच लिहून न्याव्यात. जुन्या चिठ्ठ्याही बरोबर न्याव्यात. रात्रीच्या घामासोबत ताप, खोकला वा वजनातील घट असेल, तर क्षयाची तपासणी अवश्य करावी. पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर एक दिवसही दवडू नये.

आणि माझ्यासारख्या शिकलेल्या भावांना, पतींना, मुलांना एक विनंती. पाकिटातला कागद जरूर वाचा. त्यावरून शंका आली तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी मात्र परस्पर बंद करू नका.

ताईंनी मला केव्हाच क्षमा केली आहे. आज येथे बोलण्याची परवानगीही त्यांनीच दिली.