मागचा शॉक: आधी मोजा, मग फिरवा

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

गेल्या काही भागांखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: ‘फुल सस्पेन्शनची माउंटन बाइक घेतली, आता मागच्या शॉकमध्ये हवा किती भरू?’ सोबत वजन नाही, शॉकचं माप नाही, काही नाही. नुसता आकडा हवाय. मी हसत नाहीये, कारण दोन वर्षांपूर्वी मीही असाच आकडा शोधला होता, मला तो मिळाला आणि त्याची किंमत म्हणून माझं कॉलरबोन मोडलं. आज तीच गोष्ट सांगतो आणि तिच्यातूनच शॉक कसा लावायचा तेही सांगतो.

माझी सायकल सेकंडहँड. मागे १४० मिमी ट्रॅव्हल, शॉक २१० बाय ५५. म्हणजे शॉकची एका बोल्टपासून दुसऱ्या बोल्टपर्यंत लांबी २१० मिमी आणि तो दबतो जास्तीत जास्त ५५ मिमी. ५५ मिमी दबला की चाक १४० मिमी वर जातं, म्हणजे सरासरी अडीचपट. हे लक्षात ठेवा, कारण शॉकवरचा एक मिलिमीटर म्हणजे चाकाकडचे अडीच.

सायकल घरी आली त्याच रात्री मी एक व्हिडिओ पाहिला. सायकल माझ्यासारखीच, शॉकही तोच. चालवणारा म्हणाला, ‘१९५ पीएसआय, रिबाउंड पाच क्लिक.’ मी पंप लावला, १९५ भरले. लाल नॉब एका टोकाला नेला, पाच क्लिक मोजले. दहा मिनिटांत काम झालं. फार हुशार वाटलं स्वतःबद्दल.

त्यात दोन चुका होत्या. पहिली, त्या माणसाचं वजन ८२ किलो, माझं ६४. हे त्याने व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, मी ते पुढे ढकललं. दुसरी चूक जास्त लाजिरवाणी आहे. त्याने पाच क्लिक मोजले होते पूर्ण बंद टोकापासून. मी मोजले पूर्ण उघड्या टोकापासून. माझ्या नॉबला एकूण १६ क्लिक आहेत. म्हणजे त्याच्या भाषेत माझा शॉक पाचवर नव्हता, अकरावर होता. दिवसभर ऑफिसमध्ये मोजणी शून्यापासून की एकपासून यावर वाद घालणारा माणूस मी, आणि मोजणी कुठल्या टोकापासून हे विचारलंच नाही.

पडलो तो दिवस

पहिल्या काही राइड्समध्ये सायकल नुसती कडक वाटली. मला वाटलं, महाग सायकल अशीच असते. मग एका रविवारी पुण्याबाहेरच्या एका टेकडीवर, मुरमाच्या उतारावर, जेमतेम दीड फुटाची एक दगडी पायरी आली. पुढचं चाक व्यवस्थित उतरलं. मागचं चाक कडेवर आपटलं आणि शॉकने मला लाथ मारल्यासारखं वर फेकलं. पुढे मी हँडलवरून गेलो. सहा आठवडे हात गळ्यात.

हाड जुळलं. पण त्यानंतरचे चार महिने मी प्रत्येक उतारावर ब्रेक धरून बसायचो. ग्रुपमधला आमचा दादा, वयाने चाळिशीचा, दर वळणावर माझी वाट बघत थांबायचा. मी त्याला म्हटलं, ‘दादा, मला नाही जमत हे. सायकल विकून टाकतो.’ तो म्हणाला, ‘विक की. पण आधी खाली उतर, तुझा सॅग बघू दे.’

सॅग आला १० मिमी. ५५ पैकी १० म्हणजे १८ टक्के. मागे साधारण २५ ते ३० टक्के हवा असतो. दादाने रिबाउंडचा नॉब मोजला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. चार महिने मी ज्याला माझी भीती, माझं कच्चेपण समजत होतो, त्यातलं निम्मं त्या लाल नॉबमध्ये होतं.

दोन वेगळी कामं

शॉकमध्ये दोन गोष्टी असतात. एक स्प्रिंग, जी वजन पेलते. आपल्या बहुतेक सायकलींत ती हवेची असते. दुसरा डॅम्पर, म्हणजे तेल आणि बारीक छिद्रं, जो हालचालीचा वेग आवरतो. ऑफिसच्या काचेच्या दाराला वर क्लोजर असतो ना, तसंच. आतली स्प्रिंग दार ओढते, तेल त्याला आपटू देत नाही. क्लोजरचा स्क्रू सैल झाला की दार धाडकन बंद होतं. माझा रिबाउंड तसा सैल होता आणि वर स्प्रिंग गरजेपेक्षा जास्त ताणलेली.

हे एकमेकांत अडकलेलं आहे. हवा जास्त, तर स्प्रिंग जास्त जोरात परत येणार, म्हणून रिबाउंड जास्त बंद लागणार. त्या व्हिडिओवाल्याचं १९५ आणि पाच हे जोडीने बरोबर होतं, त्याच्या वजनासाठी. मी जोडीतला एक आकडा जसाच्या तसा घेतला आणि दुसरा उलटा. म्हणून क्रम नेहमी एकच: आधी हवा, मग रिबाउंड, मग बाकीचं.

हवा आणि सॅग

सॅग म्हणजे तुम्ही नुसते सायकलवर चढलात की शॉक जेवढा दबतो तेवढा. लोक म्हणतात, ट्रॅव्हल वाया कशाला घालवायचा? वाया जात नाही. चाकाला नुसतं वर जायचं नसतं, खड्ड्यात खालीही जायचं असतं. सॅग नसेल तर खड्ड्यावर चाक हवेत लोंबकळतं, पकड जाते.

सुरुवातीचा आकडा हवाच असेल तर हा घ्या: सामानासकट तुमचं वजन पौंडांत जितकं, तितके पीएसआय. मी ६४, हेल्मेट, पॅड, पाणी मिळून ६९ किलो, म्हणजे १५२ पौंड. तर १५० पासून सुरू करा. ही फक्त सुरुवात आहे, कारण प्रत्येक फ्रेमचं लिव्हरेज वेगळं. आणि शॉकवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर कधीही जाऊ नका.

पंप शॉकचाच हवा, टायरचा चालत नाही. हवा एकदम भरू नका. ५० भरा, शॉक हळूहळू पाव ट्रॅव्हलपर्यंत दहा वेळा दाबा, पुन्हा ५० भरा, पुन्हा दाबा. आत मुख्य कप्प्याशिवाय एक निगेटिव्ह कप्पा असतो, तो शॉकला सुरुवातीला मऊ ठेवतो. दाबल्यावरच त्या कप्प्यात हवा जाते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. म्हणून दाबल्यावर मीटर खाली आलेला दिसतो, घाबरू नका, वरून भरा. पंप पुन्हा लावलात की आकडा कमी दिसतो, कारण थोडी हवा नळीत जाते. काढताना जो फुस्स आवाज येतो तो नळीतल्या हवेचा, शॉकमधल्या नव्हे.

आता सॅग मोजा. रोजचं सगळं सामान अंगावर, पाण्याची बाटलीसुद्धा. लॉकचा खटका उघडा. सपाट जमीन, भिंतीला हात. पेडलवर उभे राहा, गुडघे थोडे वाकवून, उतारावर असता तसे. दोनदा हलकं दाबा म्हणजे सील मोकळं होईल, मग स्थिर व्हा. दुसऱ्याला रबरी रिंग सीलपर्यंत सरकवायला सांगा. न उसळता खाली उतरा आणि पट्टीने मोजा. काहीजण बसून मोजतात, तेही चालतं, पण मग दर वेळी बसूनच. माझ्या शॉकवर १४ मिमी म्हणजे २५ टक्के आणि १६.५ म्हणजे ३०. मी १४८ पीएसआयला १६ मिमीवर स्थिरावलो. १९५ आणि १४८. ४७ पीएसआयचा फरक मी चार महिने अंगावर घेत होतो.

ऋतूचंही बघा. बंद डब्यातली हवा तापली की दाब वाढतो. डिसेंबरात पहाटे १५ अंशांना १५० भरलेत, तर मे महिन्यात ३५ अंशांना तीच हवा साधारण १६१ दाखवेल. म्हणून हवामान पालटलं की सॅग पुन्हा मोजा. मीटरवर नाही, रबरी रिंगवर भरवसा ठेवा.

लाल नॉब

बहुतेक शॉकवर रिबाउंड लाल आणि कम्प्रेशन निळं असतं. काहींवर ससा आणि कासव काढलेलं असतं: ससा म्हणजे जलद, कासव म्हणजे सावकाश. नॉब घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा, जबरदस्ती नको. तिथून मोजायला सुरुवात. वहीत लिहिताना ‘८’ लिहू नका, ‘बंदपासून ८’ लिहा. हे एक वाक्य लिहिलं असतं तर माझं हाड वाचलं असतं.

बरोबर मध्यावर ठेवा. सीटवर बसून फुटपाथच्या कडेवरून हळू खाली उतरा. मागचा भाग दबून वर यावा, फार तर एकदा किंचित उसळावा आणि शांत व्हावा. दोनतीनदा डोलला तर रिबाउंड फार जलद, एकदोन क्लिक बंद करा. वर यायलाच आळस करत असेल तर फार सावकाश, उघडा.

पण खरी परीक्षा वाटेवर. जलद असेल तर सीट पार्श्वभागाला ढकलते, दगडावरून मागचं चाक भरकटतं. सावकाश असेल तर ते कळायला कठीण: एक खळगा, दुसरा, तिसरा, प्रत्येक वेळी शॉक पूर्ण वर यायच्या आत पुढचा धक्का, आणि चौथ्याला शॉक खालीच दबलेला, दगडासारखा. लोकांना वाटतं हवा जास्त झाली, ते हवा काढतात आणि अजून बिघडवतात.

एका वेळी एकच

इथे आमच्या धंद्यातली एक सवय कामी आली. बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतात. पाच बदललात आणि सुधारलं, तर कशाने ते कळत नाही. बिघडलं तर त्याहून वाईट.

मी अर्धा किलोमीटरचा एकच उतार निवडला. त्यात एक पायरी, एक खळग्यांची रांग, एक वळण. आधी टायरचा दाब दर वेळी सारखा, कारण टायर हाही एक स्प्रिंगच आहे आणि तो शॉकची चूक झाकतो. मग तीन फेऱ्या: रिबाउंड बंदपासून ६, ८ आणि १०. फोनमध्ये प्रत्येकी एक ओळ. सहावर खळग्यांत दगड झाला, दहावर पायरीवर जुनी भीती परत आली, आठवर मी ब्रेक सोडला. इतकंच. ग्राफ नाही, ॲप नाही.

नंतर रिंग बघा. सगळ्यात अवघड राइडनंतर ती टोकाच्या तीन-चार मिलिमीटर अलीकडे असेल तर छान. सॅग बरोबर असूनही दर राइडला शॉक तळाला आपटत असेल तर हवा वाढवू नका, आत प्लास्टिकचा व्हॉल्यूम स्पेसर टाका. त्याने कप्पा लहान होतो, शेवटच्या टप्प्यात दाब पटकन चढतो आणि सुरुवातीचा मऊपणा बहुतेक तसाच राहतो. ट्रॅव्हल कधीच पूर्ण वापरला जात नसेल तर स्पेसर काढा. पण शॉक उघडण्याआधी सगळी हवा सोडलेली पाहिजे. हवा सोडूनही शॉक दबलेल्या स्थितीत अडकून बसला तर आत दाब राहिलाय असं समजा, हात लावू नका, जाणकाराकडे न्या.

निळ्या नॉबला मी अजूनही फारसं शिवत नाही. मागचं जमल्यावर पुढचा फोर्क बघा, तिथे १५ ते २० टक्के सॅग पुरतो. आणि पावसाळ्यात प्रेशरच्या पाण्याने सील धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. सायकल सीटला धरून किंचित उचला, आतून टक् असं काही लागलं तर बेअरिंग किंवा बोल्ट सैल आहे. असल्या सायकलवर कुठलंच सेटिंग खरं नसतं.

परवाची गोष्ट

परवा टीममधल्या एका मुलीने सेकंडहँड सायकल घेतली. मेसेज आला, ‘तुझे आकडे पाठव ना.’ मी पाठवले नाहीत. वाईट वाटलं असेल तिला. रविवारी सकाळी पंप, पट्टी आणि वही घेऊन तिच्या बिल्डिंगखाली गेलो. तिचं वजन ५२. तिची सायकल आली ११८ पीएसआयवर, रिबाउंड बंदपासून १०. माझ्या आकड्यांवर ती चालवत असती तर मी ज्या पायरीवर पडलो तिथेच तीही, आणि तिलाही वाटलं असतं की आपल्याला जमत नाही.

मी तीच पायरी आता उतरतो. थोडी छाती धडधडते अजून, खोटं कशाला बोलू. पण ती भीती माझी आहे, शॉकची नाही, आणि तिच्यावर काम करता येतं.

तर या आठवड्याचा गृहपाठ: हवेचा आकडा विचारू नका. सॅग मोजा, रिबाउंड कुठल्या टोकापासून मोजला ते लिहा आणि एक उतार तीनदा उतरा. खाली कमेंटमध्ये वजन, शॉकचं माप आणि सॅग, तिन्ही लिहिलंत तर नक्की उत्तर देईन. पुढच्या भागात फोर्क. भेटू, हेल्मेट घालून.