‘सिस्टर, पोट दुखून राह्यलं’



आज नर्सिंगची पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आयसीयू आहे, अकोल्या-नागपूर-पुण्याची मोठी रुग्णालयं आहेत, एखाद्याच्या डोक्यात जर्मनीसुद्धा असेल. खुशाल जा. मी बोलणार आहे ती त्या चार-सहा जणांशी, जे उद्या शाळेत रुजू होतील. बाकीच्यांनी ऐकलं तर बिघडत नाही.

शाळेतली नर्स म्हणजे आरामाची नोकरी, रात्रपाळी नाही, उन्हाळ्याची सुट्टी आहे, असा आपल्याकडे समज आहे. निवासी शाळेत एक पावसाळा काढला की तो जातो. जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय इथं शेगावातच आहे. सहावी ते बारावीची मुलं तिथं राहून शिकतात. नवोदयमध्ये स्टाफ नर्सचं पद असतं. आश्रमशाळा आहेत, खासगी शाळाही नर्स ठेवू लागल्या आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेला मात्र स्वतःची नर्स नाही. तिथं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं. हा कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. पथकात डॉक्टरांबरोबर औषधनिर्माता असतो आणि एक नर्स असते. वर्षातला तो एक दिवस सोडला, तर उरलेल्या दिवसांत त्या मुलांकडे आपल्या नजरेनं बघणारं कुणी नसतं. मला ही गोष्ट मुळीच पटत नाही, आणि हे मी मंत्र्यांसमोरही म्हणेन.

दवाखान्यात रुग्ण केसपेपर काढून येतो. शाळेत पोरगं दारात उभं राहतं आणि म्हणतं, ‘सिस्टर, पोट दुखून राह्यलं.’ संपलं! सकाळी उपाशी आलंय म्हणून दुखतंय, गणिताचा पेपर आहे म्हणून दुखतंय, पाळी आलीय पण सांगायला तोंड उघडत नाही म्हणून दुखतंय, की अपेंडिक्स आहे? ठरवायला राउंडवर येणारे सर तिथं नाहीत. त्याला झोपवा, गुडघे दुमडायला लावा. बोटांनी टोचू नका, पंजा सपाट ठेवा, दुखत नाही त्या बाजूनं सुरुवात करा आणि उजवीकडे खाली शेवटी या. या वेळी पोटाकडे नाही, चेहऱ्याकडे बघायचं. मग एक उडी मारायला सांगा. हसत उडी मारणाऱ्याला काहीतरी खाऊ घालून थोडा वेळ नजरेसमोर बसवा. उडी मारताच जो कमरेत वाकतो, त्याला दुखणं थांबायची गोळी देऊन झोपवून ठेवू नका. गाडी बोलवा, पालकांना फोन वाटेतून करा.

आणि दोघांचीही नोंद रजिस्टरमध्ये करा: तारीख, वेळ, कुठल्या तासाला आलं, काय खाल्लं होतं. नव्या नर्सला औषधांच्या कपाटाची हौस फार असते. माझं म्हणणं असं, की शाळेत कपाटाच्या आधी रजिस्टर. महिन्यानं पानं उलटली की दिसतं, की एका वसतिगृहातली मुलं जास्त खाजवतायत, किंवा एकाच मुलीचं पोट ठरावीक वारी दुखतंय. तिला एकटीला, शांतपणे बसवून विचारा. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे सुटलो, असं नाही.

रजिस्टरचं महत्त्व याच तालुक्याला वेगळं सांगायला नको. 2025 च्या जानेवारीत बोंडगाव, कालवड, हिंगण्याकडे माणसांचे केस हातात यायला लागले आणि पाहता पाहता टक्कल पडू लागलं. आधी शाम्पूवर संशय गेला, मग आपल्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर, मग गव्हातल्या सेलेनियमवर. दिल्लीपर्यंतची पथकं आली. पोरी डोक्याला रुमाल बांधून फिरू लागल्या, शाळा-कॉलेजात जायची लाज वाटू लागली. अशा वेळी मोठ्या प्रयोगशाळेलाही पहिला प्रश्न हाच पडतो, की पहिला केस कुणाचा गळाला, कधी, आणि त्याच घरातलं दुसरं कोण? ज्या शाळेत असली वही कुणी रोज भरतं, तिथं हे उत्तर हाताशी असतं.

आता त्या खाजवणाऱ्या मुलांकडे येऊ. खरूज झाली की मूल घरी पाठवायचं, ही शाळांची जुनी खोड आहे. 1902 मध्ये न्यूयॉर्कच्या शाळा उवा, नायटा आणि डोळ्यांच्या संसर्गापायी मुलांना ढिगानं घरी पाठवत होत्या. तेव्हा लीना रॉजर्स नावाची नर्स चार शाळांत नेमली गेली. तिनं शाळेतच उपचार केले, घरोघर जाऊन आयांना समजावलं, आणि गैरहजेरी इतकी घटली की लगेच आणखी नर्स नेमाव्या लागल्या. वसतिगृहात तुम्हीही तेच करायचं. एकट्याला मलम देऊन उपयोग नाही. डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्या खोलीतल्या सगळ्यांना एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीसुद्धा. दुसऱ्या दिवशी चादरी-कपडे गरम पाण्यात. घरी पाठवलेलं मूल खरूज भावंडांना देतं आणि सुट्टीनंतर परत घेऊन येतं.

लोहाच्या निळ्या गोळ्या उपाशीपोटी वाटू नका. एकाला मळमळलं की सगळी रांग पोट धरून बसते, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होतं की शाळेत विषबाधा झाली. घोळणा फुटला की कुणीतरी कांदा आणेल, कुणी मान मागे करेल. मान पुढे, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून, घड्याळ लावून.

एक कानमंत्र पालकांच्या देखत देते. या गावात मंदिरातले सेवेकरी बघत तुम्ही मोठे झालात. ते आपली भाकरी घरून कमावून येतात. तुमची भाकरी या नोकरीवर आहे. ‘सेवा समजून करा’ असं म्हणत कुणी नेमणूकपत्र टाळू लागला, तर हसून कागद मागा.

डोळे तपासाल, तेव्हा चिठ्ठी दिली म्हणजे काम झालं असं मानू नका. चष्मा आला का, हे पंधरा दिवसांनी त्याच मुलाला विचारा. तो सांगेल, ‘आला, पण घरी ठेवला, फुटन म्हनून.’ मग त्याच्या बापाला फोन लावा, आणि चष्मा नाकावर दिसेपर्यंत लावत राहा.

या आता, पदव्या घ्या. अकोल्याच्या गाडीची वेळ झालीय.