संगणकांचे जाळे आणि पर्यायी वाट
(व्याख्यानाचा मजकूर)



२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात पंचगंगेला महापूर आला आणि कोल्हापूरजवळ शिरोली येथे पुणे–बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. मालमोटारींच्या रांगा कित्येक दिवस जागच्या जागी उभ्या राहिल्या. अशा प्रसंगी रस्त्याच्या रुंदीला किंवा डांबराच्या प्रतीला महत्त्व उरत नाही. गावाकडे येणारी दुसरी वाट आहे की नाही, हा एकच प्रश्न उरतो. संगणकांच्या जाळ्याचे मूलतत्त्व नेमके हेच आहे. सात-बाराचा उतारा, जन्ममृत्यूचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, शिधावाटपाची नोंद ही सर्व कामे आता या जाळ्यावरून चालतात. म्हणून त्याची रचना समजून घेणे ही केवळ अभियंत्यांची बाब राहिलेली नाही. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि कार्यालयीन अधिकारी यांनाही ती ठाऊक असली पाहिजे.

पाकिटांची कल्पना

पूर्वीच्या दूरध्वनी व्यवस्थेत ट्रंक कॉल लावला की दोन गावांमधील एक संपूर्ण तार त्या दोन व्यक्तींसाठी अडकून पडे. ती बोलत असोत वा गप्प असोत, तिसऱ्याला ती तार मिळत नसे. शिवाय मधले एखादे केंद्र बंद पडले, तर त्यावर अवलंबून असलेली सारी संभाषणे एकदम तुटत.

अमेरिकेतील रँड या संस्थेतील पॉल बॅरन यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दोषावर उपाय सुचविला. अण्वस्त्रांचा मारा झाल्यावरही चालू राहील असे संदेशवहन त्यांना हवे होते. संदेशाचे लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहावा आणि मिळेल त्या वाटेने तो पुढे पाठवावा, अशी त्यांची योजना होती. इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस हे स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षास पोहोचले. अशा तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव त्यांनीच दिले. मराठीत त्यास पाकीट म्हणणेच सोयीचे होय. आजच्या सर्वसाधारण पाकिटात इंग्रजी अक्षरांत मोजल्यास सुमारे दीड हजार अक्षरे मावतात. त्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. मोठा संदेश असेल तर पाकिटांना क्रमही दिलेला असतो. पाकिटे मागेपुढे पोहोचली तरी घेणारा संगणक ती क्रमाने लावतो आणि एखादे हरवले असल्यास ते पुन्हा पाठविले जाते.

बॅरन यांचे आणखी एक अनुमान लक्षात ठेवण्यासारखे आहे. जाळे टिकाऊ करण्यासाठी दुव्यांची संख्या अवाच्या सवा वाढवावी लागत नाही. ठाणी जोडण्यास कमीत कमी जेवढे दुवे लागतात त्यांच्या सुमारे तिप्पट ते चौपट दुवे असले, की जाळ्याची चिवटपणाची मर्यादा जवळजवळ गाठली जाते.

या कल्पनेवर उभारलेल्या ‘अर्पानेट’ या जाळ्यावरून पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे गेला. ‘लॉगिन’ हा इंग्रजी शब्द पाठवावयाचा होता. परंतु पहिली दोन अक्षरे पोहोचताच पलीकडची यंत्रणा कोलमडली. सुमारे तासाभराने दुरुस्ती होऊन तो पूर्ण गेला. पुढे व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली निरनिराळी जाळी एकमेकांस जोडण्याचे समान नियम मांडले. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटने ते स्वीकारले. आजचे इंटरनेट त्याच नियमांवर उभे आहे. भारतात ते सर्वसामान्य जनतेस १५ ऑगस्ट १९९५ पासून उपलब्ध झाले.

पत्ता आणि मार्गनिवड

पाकिटावरील पत्ता कसा वाचला जातो, हे पिनकोडच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. भारतीय टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांचा पिनकोड सुरू केला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांची कल्पकता होती. चेन्नईत टपाल वेगळे करणाऱ्यास इचलकरंजीतील गल्ली माहीत असण्याचे कारण नसते. पहिला आकडा चार दिसला की टपाल पश्चिमेकडे पाठवावयाचे, एवढे त्यास पुरते. पुढील आकडे पुढच्या केंद्राने पाहावयाचे. संगणकाच्या पत्त्याचेही तसेच आहे. मार्ग निवडणारे यंत्र, म्हणजे राउटर, पत्त्याचा आरंभीचा भाग पाहते, आपल्या कोष्टकाशी ताडते आणि पाकीट कोणत्या शेजाऱ्याच्या हवाली करावयाचे ते ठरविते. एकाच पत्त्यासाठी दोन नोंदी आढळल्या, तर अधिक तपशीलवार नोंद मानली जाते.

हे कोष्टक तयार होण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत प्रत्येक राउटर शेजाऱ्यास विचारतो, ‘अमुक ठिकाण तुझ्यापासून किती टप्प्यांवर आहे?’ शेजाऱ्याच्या उत्तरात एक मिळविला की स्वतःचे अंतर निघते. पद्धत सोपी आहे. परंतु ऐकीव माहितीचा दोष तिच्यात आहे. एखादी वाट तुटल्यावर दोन शेजारी एकमेकांच्या जुन्या माहितीवर विसंबून राहतात आणि पाकीट त्या दोघांतच फेऱ्या घालीत बसते. म्हणून प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो. पुष्कळदा तो ६४ पासून सुरू होतो आणि प्रत्येक टप्प्यावर एकाने घटतो. शून्य झाला की पाकीट टाकून दिले जाते. यामुळे वाट चुकलेली पाकिटे जाळे तुंबवीत नाहीत.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक राउटर फक्त आपल्या दुव्यांची स्थिती सर्वांस कळवितो. सर्वांची निवेदने एकत्र करून प्रत्येक जण संपूर्ण नकाशा तयार करतो आणि त्यावरून सर्वांत कमी खर्चाची वाट काढतो. ही वाट काढण्याची रीत नेदरलँड्समधील एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ साली शोधली आणि १९५९ साली प्रसिद्ध केली. दोन्ही पद्धतींत मध्यवर्ती हुकूम देणारा कोणीच नसतो, हे विशेष होय. प्रत्येक नाक्यावर लहानसा निर्णय होतो आणि अशा असंख्य निर्णयांतून जगाची वाहतूक चालते.

दोन घटना, दोन धडे

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील दोन मोठ्या तारा तुटल्या. मुंबईच्या किनाऱ्याला लागणारी ‘सी-मी-वी-४’ ही तार आणि ‘फ्लॅग’ या जाळ्यातील तार, अशा त्या दोन होत्या. भारतातून युरोपकडे जाणाऱ्या वाहतुकीचा मोठा हिस्सा एकाएकी खुंटला आणि वेग मंदावला. तरीही देश जगापासून तुटला नाही. पूर्वेकडे सिंगापूर आणि पॅसिफिकमार्गे जाणाऱ्या तारा शाबूत होत्या आणि पाकिटे त्या लांबच्या वाटेने वळविली गेली. वाट लांबली, परंतु बंद पडली नाही.

त्यानंतर महिना पुरा होण्याच्या आतच दुसरी बाजू दिसली. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील एका दूरसंचार संस्थेने देशांतर्गत बंदी अमलात आणण्यासाठी ‘यूट्यूब’च्या पत्त्यांची खोटी, परंतु अधिक तपशीलवार नोंद आपल्या कोष्टकात घातली. ती नोंद चुकून देशाबाहेर गेली. तपशीलवार नोंद खरी मानावयाची, या नियमाने जगभरचे राउटर ती पाकिटे तिकडे पाठवू लागले आणि सुमारे दोन तास ती सेवा अनेक देशांत बंद राहिली. पर्यायी वाटांइतकेच वाटेविषयीची माहिती खरी असणेही महत्त्वाचे आहे, हा या घटनेचा धडा होय.

बिनतारी जाळे

हवाई विद्यापीठाच्या शाखा निरनिराळ्या बेटांवर विखुरलेल्या होत्या आणि त्या तारेने जोडणे परवडणारे नव्हते. तेथे नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ साली ‘अलोहानेट’ हे रेडिओलहरींवर चालणारे जाळे कार्यान्वित केले. सर्व ठाण्यांनी एकाच लहरीवर, हवे तेव्हा पाकीट पाठवावे. दोन पाकिटांची टक्कर झाली आणि पोच आली नाही, तर प्रत्येकाने चिठ्ठी उचलल्याप्रमाणे कमीअधिक वेळ थांबून पुन्हा पाठवावे, एवढाच नियम होता. या मोकळ्या पद्धतीत लहरीच्या क्षमतेचा जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपासच उपयोग होऊ शकतो, असे गणिताने दिसून आले. ग्रामसभेत सर्वांनी एकदम बोलावयास सुरुवात केली, तर जे होते तेच येथे होते.

१९९७ साली प्रथम प्रमाणित झालेल्या वाय-फायच्या नियमांत म्हणून सुधारणा केलेली आहे. बोलण्यापूर्वी ऐकावे आणि हवेत शांतता असेल तरच पाकीट सोडावे, असा तो नियम आहे. तथापि त्यासही मर्यादा आहे. टेकडीच्या दोन अंगांस दोन घरे असावीत आणि माथ्यावर मनोरा असावा. दोन्ही घरांना मनोरा दिसतो, परंतु ती घरे एकमेकांस ऐकू शकत नाहीत. दोघांनाही शांतता भासते, दोघेही एकाच वेळी पाकीट सोडतात आणि मनोऱ्यापाशी टक्कर होते. यास्तव आधी मनोऱ्याची परवानगी मागण्याची सोय नियमांत ठेवावी लागली.

बिनतारी जाळ्याविषयी दोन गोष्टी ग्रामीण भागात विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, हवा सर्वांची सामाईक असते. शंभर मेगाबिटची जोडणी असलेल्या शाळेत चाळीस संगणक एकाच वेळी काम करू लागले, तर प्रत्येकाच्या वाट्यास फार तर अडीच मेगाबिट येतात. एकाच रेडिओवर ऐकून त्याच लहरीवर पुढे पाठविणारे यंत्र मध्ये ठेवले, की प्रत्येक टप्प्यास वेग साधारण निम्मा होतो. दुसरी गोष्ट लहरीच्या जातीची. वाय-फायच्या उच्च कंप्रतेच्या लहरी दाट झाडी व ओला पाला यांतून कष्टाने जातात. कमी कंप्रतेच्या लहरी अडथळे तुलनेने बऱ्या ओलांडतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने पालघर जिल्ह्यातील खेड्यांत दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील वापरात नसलेल्या लहरींवर जोडणीचा प्रयोग केला, तो याच गुणाचा लाभ घेऊन.

ग्रामपंचायतीपर्यंतची वाट

ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये संमत केली. पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती तिच्या कक्षेत आहेत. पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायतींचे काम डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाले. महाराष्ट्रात दुसरा टप्पा राज्य शासनाच्या यंत्रणेमार्फत ‘महानेट’ या नावाने हाती घेण्यात आला.

पहिल्या टप्प्यातील रचना तालुक्याच्या ठिकाणाहून गावाकडे सरळ रेषेत जाणारी होती. अशा रचनेत रस्तारुंदीकरणाच्या वा नळयोजनेच्या खोदकामात तार एका ठिकाणी तुटली, की तिच्यापुढील सर्व गावे एकदम अंधारात जातात. राउटर कितीही चतुर असला तरी जी वाट अस्तित्वातच नाही ती तो निवडू शकत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुमारे १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, त्यात वर्तुळाकार रचनेचा स्वीकार केला आहे. वर्तुळात एका बाजूस तार तुटली तर पाकिटे दुसऱ्या बाजूने फिरून येतात. बॅरन यांच्या तत्त्वाचा हा सर्वांत साधा अवतार होय.

मात्र वर्तुळ कागदावर काढणे पुरेसे नाही. दोन्ही तारा एकाच चरातून वा एकाच पुलावरून नेल्या, तर एका खोदकामात दोन्ही तुटतील आणि वर्तुळ नावापुरते राहील. म्हणून पंचायतीने काही प्रश्न ठामपणे विचारावेत. गावात येणाऱ्या वाटा किती आणि त्या खरोखर निरनिराळ्या मार्गांनी येतात काय? वीज गेल्यावर यंत्रे किती वेळ चालतात? तार तुटल्यास कोणास कळवावयाचे आणि दुरुस्ती किती दिवसांत व्हावयाची? जोडणीत किती संस्था व घरे वाटेकरी आहेत? गावात खोदकाम निघण्यापूर्वी तारेची जागा ठेकेदारास दाखविण्याची जबाबदारी कोणाची? या प्रश्नांची उत्तरे दप्तरी असली, तर ‘जोडणी झाली’ आणि ‘सेवा चालू आहे’ या दोन विधानांतील अंतर कमी होईल.

सेवा बंद पडल्यावर दोष शोधण्याचाही क्रम असावा. प्रथम यंत्रास वीज आहे काय ते पाहावे. नंतर संगणक तारेने थेट जोडून पाहावा. तसे केल्यावर काम होत असेल, तर दोष बिनतारी भागात असतो. तसेही होत नसेल, तर कार्यालयातील राउटरपर्यंत पाकीट पोहोचते काय आणि त्यापुढे तालुक्यापर्यंत जाते काय, हे टप्प्याटप्प्याने तपासावे. ‘इंटरनेट बंद आहे’ एवढ्या तक्रारीपेक्षा ‘दोष अमुक टप्प्यापुढे आहे’ ही तक्रार लवकर निवारली जाते.

शाळेत हा विषय शिकविण्यास संगणकाचीही गरज नाही. दहा-बारा विद्यार्थ्यांना मैदानावर नाके म्हणून उभे करावे आणि कोणी कोणास चिठ्ठी देऊ शकेल ते दोऱ्यांनी दाखवावे. एका वाक्याचे शब्द निरनिराळ्या चिठ्ठ्यांवर, क्रमांक व पत्ता घालून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकास पाठवावेत. मध्येच एका विद्यार्थ्यास खाली बसवावे. चिठ्ठ्या दुसऱ्या वाटेने जाऊन वाक्य पुरे झाले, की जाळ्याचे तत्त्व मुलांस कायमचे समजेल. आणि एकच दोरा असलेला विद्यार्थी त्या वेळी एकाकी पडलेला दिसला, की दुसऱ्या वाटेची आवश्यकताही त्यांच्या ध्यानी येईल. गावाचे कारभारी जेव्हा तारेबरोबर दुसऱ्या वाटेचीही मागणी करतील, तेव्हाच आपत्तीच्या दिवशी, म्हणजे गरज सर्वाधिक असेल त्या दिवशी, हे जाळे गावाच्या कामास येईल.