चिठ्ठी आणि पाहुणा

श्रोतेहो, मी कवितेतला माणूस. बी.ए.ला मराठी घेतलेलं, त्यामुळे संगणकाशी सोयरीक जरा उशिराच जमली. आज बोलणार आहे ते मात्र त्याच्याविषयीच.

आमची अम्मा जात्यावर ओव्या म्हणायची. तिला लिहिता येत नव्हतं. धाकट्या बहिणीनं त्या शाळेच्या वहीत उतरवल्या. पुढं वहीला वाळवी लागली. उरलेल्या सोळा पानांचे भाच्यानं फोटो काढले आणि पॉवरपॉइंटमध्ये एकेका स्लाइडवर एकेक पान लावून दिलं. वही तर पुढच्या पावसाळ्यात हातातच विरली.

अम्मावर मी वर्डमध्ये एक लेख लिहिला आणि ते प्रेझेंटेशन लेखातच बसवलं. चित्रावर दोनदा टिचकी मारली की पानं एकामागून एक पडद्यावर उलगडायची. मी निर्धास्त झालो. दोन वर्षांनी भाच्याच्या संगणकाची हार्डडिस्क बिघडली. मी म्हटलं, ‘‘घाबरू नकोस, माझ्या लेखात सगळं आहे.’’ लेख उघडला. पहिलं पान दिसलं. टिचकी मारली, तर मूळ फाइल सापडत नाही, असा निरोप आला.

भाचा म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही लिंक केली होती.’’

त्यानं मग समजावून सांगितलं. वर्डमध्ये ‘इन्सर्ट’मधल्या ‘ऑब्जेक्ट’मध्ये जाऊन ‘क्रिएट फ्रॉम फाइल’ निवडलं, की तिथं ‘लिंक टू फाइल’ असा एक चौकोन असतो. त्यात खूण केली तर लेखात फक्त मूळ फाइलचा पत्ता आणि पहिल्या स्लाइडचं चित्र राहतं. खूण केली नाही, तर अख्खं प्रेझेंटेशन लेखात मुक्कामाला येतं. म्हणजे एक नुसती पत्त्याची चिठ्ठी, तर दुसरा घरी आलेला पाहुणा.

लिंकचे फायदेही आहेत. लेखाची फाइल फुगत नाही आणि मूळ प्रेझेंटेशनमधली दुरुस्ती लेखातही आणता येते. उलट पाहुणा सगळं सामान घेऊन येतो. एकच स्लाइड दाखवायची असली, तरी बाकीच्याही समोरच्याच्या हाती जातात. आणि लेखाची पीडीएफ केली, की दोन्हींचं नुसतं चित्र उरतं.

भाच्यानं शेवटचा उपाय केला. वर्डच्या ‘डॉक्स’ फाइलचं शेपूट बदलून ‘झिप’ केलं, की ती पेटीसारखी उघडते. प्रेझेंटेशन खरंच आत बसवलेलं असेल, तर ते तिथं ‘एम्बेडिंग्ज’ नावाच्या कप्प्यात सापडतं. आमच्या पेटीत तो कप्पाच नव्हता.

सोळातलं एक पान उरलं. आता दर रविवारी मी बहिणीला फोन करतो. ती आठवून आठवून ओवी म्हणते, मी कागदावर लिहून घेतो. आजवर अकरा जमल्या आहेत.

तुमच्याही घरी कुणाचं असं काही संगणकात ठेवलेलं असेल, तर आजच एक करा. ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर नेऊन उघडून पाहा. पाहुणा आत आहे की नुसती चिठ्ठी, ते तिथं कळेल.