पहिल्या कामाचे किती सांगू?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी नोकरी सॉफ्टवेअरची आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच आपल्या एका वर्गमैत्रिणीच्या मुलीने परवा मला विचारलं, "मावशी, बारशाचे फोटो काढायला बोलावलंय. पैसे घेऊन करायचं पहिलंच काम. किती सांगू?" तिच्या मनात दोन हजार होते. आईचं मत होतं, ओळखीचे लोक आहेत, काहीच घेऊ नकोस. (आई समोरच बसली आहे, नाव सांगत नाही.)

पुण्या-मुंबईत गिऱ्हाईक बहुधा अनोळखी असतं. गंगापुरात पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आत्याची जाऊ, नाहीतर शेजारचे काका. तिथे पैसे मागायला जीभ रेटत नाही.

आम्ही दोघींनी कागद घेतला. कॅमेरा आणि लेन्स मिळून १,२०,००० रुपयांची. तीन वर्षं चालेल, वर्षाला वीस कामं मिळतील असं धरलं, तर एका कामावर २,००० रुपये नुसते कॅमेऱ्याचेच पडतात. म्हणजे तिने ठरवलेले दोन हजार तिथेच संपले! कार्यक्रमाचे पाच तास, जाण्यायेण्याचे दोन, घरी बसून फोटो निवडणं आणि सुधारणं नऊ तास. सोळा तासांचे तिनेच ठरवलेल्या ३०० रुपयांप्रमाणे ४,८००. प्रवास ६००, मेमरी कार्ड वगैरे ४००. एकूण ७,८००. आकडा बघून ती घाबरली. "बटण दाबायचे एवढे पैसे, असं म्हणतील."

म्हणतीलच. आपण शाळेत काळ-काम-वेगाची गणितं ढीगभर सोडवली. इतके मजूर भिंत किती दिवसांत बांधतील, हे काढलं. मजुरी कशी ठरवायची, हे काही त्या गणितांत नसायचं. (गणिताच्या सरांनी रागावू नये.)

तिला मी होमाई व्यारावालांबद्दल सांगितलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. 'बॉम्बे क्रॉनिकल'ने त्यांचे सुरुवातीचे फोटो छापले, तेव्हा एका फोटोला एक रुपया मिळाला. सुरुवातीला फोटोंखाली नाव मात्र पतीचं, माणेकशॉ यांचं असायचं. पुढे २०११ साली पद्मविभूषण मिळालं. मला त्यात त्या एका रुपयाचं मोल जास्त वाटतं, कारण फोटो हे दाम देऊन घ्यायचं काम आहे, हे त्यातून मान्य झालं होतं.

नात्यात द्यायचंच असेल तर खुशाल द्यावं. पण बिलावर पूर्ण रक्कम लिहून त्याखाली 'आहेर' असं लिहावं. निदान काय दिलं ते घेणाऱ्याला कळतं. रक्कम गुपचूप कमी केली, तर पुढच्या गिऱ्हाइकाला तोच भाव होऊन बसतो.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. त्यामुळे आपलं काम म्हणून चार फोटो पुढे कुणाला दाखवायचे असतील, तर आधीच लेखी विचारून ठेवावं. व्हॉट्सॲपवरचा साधा मेसेजही काहीच नसण्यापेक्षा बरा. बाळाचे फोटो असतील तर हे विचारायलाच हवं.

तिने ७,८०० कळवले. उत्तर आलं, "जरा कमी करा." तिने कामाचा दर तोच ठेवला, काम कमी केलं. दोनशेऐवजी ऐंशी फोटो सुधारून द्यायचे, घरचे पाच तास वाचले, १,५०० उतरले. ६,३०० वर ठरलं, निम्मे आगाऊ. ३,१५० रुपये त्याच संध्याकाळी तिच्या खात्यात आले.

बारसं येत्या रविवारी लासूर स्टेशनला आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आमंत्रण असणार. एवढीच विनंती, की पाळण्यासमोर मोबाईल घेऊन उभे राहू नका, तिला फोटो काढू द्या.