वित्तक्षेत्रातील उमेदवारी आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आम्ही म्हणजे नांदेड-लातूरकडचे पाच-सहा जण. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी सी.ए.च्या ऑफिसात बसणारे, कोणी कर सल्लागार. आम्ही वक्ते नाही, आकडे जुळवणारी माणसे आहोत. तेव्हा भाषा कुठे कमीजास्त झाली तर सांभाळून घ्यावे. विहारात दर रविवारी कॉमर्सच्या मुलांना घेऊन आम्ही बसतो, त्यातून जे कळले तेच सांगणार आहोत.

बाबासाहेबांचा बडोद्याचा प्रसंग आपल्याला तोंडपाठ आहे. १९१७ साल. पारशी सराईत नाव बदलून राहावे लागले, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसे आली, दोन मित्रांकडे आसरा मागितला तर दोघांनी नाही म्हटले, आणि शेवटी कामाठी बागेत बसून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हे लहान पोरगेसुद्धा सांगेल. पण बाबासाहेब रोज सकाळी त्या सराईतून निघून जात कुठे होते, असे विचारले की सभा गप्प होते. आम्ही विचारून पाहिले आहे! ते जात होते बडोदा संस्थानच्या अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात. तिथे आपल्याला प्रोबेशनर म्हणून घेतले होते, असे त्यांनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवले आहे. प्रोबेशनर म्हणजे आपल्या जुन्या मराठीत उमेदवार. त्यांना पुढे संस्थानचे अर्थमंत्री करावे असे सयाजीरावांच्या मनात होते, आणि त्याआधी हिशेबखात्याचे काम हाताखालून जावे म्हणून ही उमेदवारी.

म्हणजे बघा. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस. बुद्धी कमी नव्हती, नेमणूक झालेली होती, प्रत्यक्ष महाराज पाठीशी होते. उमेदवारी मोडली ती राहायला खोली मिळाली नाही म्हणून. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली. सल्ला देणारा कोणत्या जातीचा आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले, पेढी बंद पडली. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये निघाला, हा पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. आम्हाला आज मधल्या त्या अकरा दिवसांबद्दलच बोलायचे आहे.

आमच्यातले जे थोरले आहेत ते १९८० च्या दशकात स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये लागले. त्या काळी मराठवाड्यात बँक म्हटले की हीच बँक डोळ्यांसमोर यायची. दुसरी मराठवाडा ग्रामीण बँक, १९७६ साली निघालेली, मुख्य कचेरी नांदेडलाच. तेव्हाची रीत अशी, की परीक्षा द्या, राखीव जागेतून निवड होऊ द्या, आणि मग बँक तुम्हाला शिकवील. पहिल्या महिन्यात आमच्या या मित्राला व्हाउचर उलटे की सुलटे धरायचे तेही कळत नव्हते, पण पगार चालू होता. चुका झाल्या, साहेबांनी बोलून घेतले, आणि वर्षभरात माणूस तयार झाला. थोडक्यात, आधी नोकरी आणि मग शिक्षण.

आता ते उलटे झाले आहे. ग्रामीण बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, हैदराबाद बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. सरकारी बँकांच्या परीक्षा आजही आहेत, आरक्षणही आहे, बार्टीमार्फत तयारीचे वर्गही चालतात; त्या वाटेने जाणाऱ्याने जरूर जावे. पण वित्तक्षेत्रातले बाकीचे सगळे काम, म्हणजे लेखापरीक्षण, कर्जाची छाननी, कंपन्यांचे हिशेब, गुंतवणुकीचा सल्ला, हे खाजगी आहे. तिथे आधी काम शिकून या म्हणतात, आणि शिकायचे ते आपल्या खर्चाने. आजकाल त्याला इंटर्नशिप म्हणतात. सी.ए.च्या मुलांची आर्टिकलशिप ही त्यातलीच, फक्त जास्त कडक. पूर्वी ती तीन वर्षांची होती, १ जुलै २०२३ पासूनच्या योजनेत दोन वर्षांची झाली. संस्थेने किमान विद्यावेतन ठरवून दिलेले असते, तेही शहराच्या लोकसंख्येप्रमाणे, म्हणजे लातूरला कमी, पुण्याला थोडे जास्त. पण पुण्याचे खोलीभाडे विद्यावेतनाकडे बघून ठरत नाही ना!

आणि या दाराशी आरक्षणही नाही, जाहिरातही नाही. तिथे एकच प्रश्न असतो, "कोणाकडून आलात?"

आम्हाला हा प्रश्न एका मुलीमुळे समजला. तिचे वडील लातूरच्या मार्केट यार्डात हमाल. लातूर म्हणजे डॉक्टर-इंजिनिअरच्या शिकवण्यांचे गाव, तिथे बारावीला कॉमर्स घेतले म्हटल्यावर नातेवाइकांना वाटले पोरगी वाया गेली. ती सी.ए.ची पहिली परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाली, पुढे इंटरमिजिएटचा एक ग्रुप काढला, तेव्हा तेवढ्यावर आर्टिकलशिप मिळत होती. २०१९ साल होते. तिने सात ऑफिसांचे उंबरठे झिजवले. गुणपत्रिका कोणी उघडून पाहिली नाही. कुणाकडून आलीस, वडील काय करतात, आडनाव काय, गाव कोणते. एका ठिकाणी तर जागा आहे म्हणाले, आडनाव ऐकल्यावर जागा भरली. शेवटी आमच्यातल्या एकाने आपल्या ओळखीच्या सी.ए. साहेबांना फोन केला. दोन मिनिटांचा फोन! सोमवारपासून ये म्हणाले. फोन करणारा आमचा मित्र त्या रात्री झोपला नाही. असले फोन दुसऱ्यांच्या मुलांसाठी किती वर्षे होत आले असतील, आणि आपण आपल्या मुलांना नुसतेच "खूप अभ्यास कर" म्हणत राहिलो, हे त्याला तेव्हा कळले.

पहिले सहा महिने तिने पावत्या तपासल्या. बँकेचे उतारे आणि कीर्द जुळवायची, तेरीज काढायची, जी.एस.टी.ची विवरणपत्रे भरायची, चहासुद्धा सांगायचा. कंटाळवाणे काम असते, पण हात त्यातच बसतो. मग एका डाळमिलच्या लेखापरीक्षणाला तिला नेले. ३१ मार्चचा शिल्लक माल बघायचा होता. साठ्याचे रजिस्टर बरोबर, खरेदीची बिले बरोबर. हिने हमालीची व्हाउचरे काढली, कट्ट्यामागे दर किती तो पाहिला, आणि भागाकार केला. हमाली दिली होती त्यावरून जितके कट्टे उतरले असावेत, तितके रजिस्टरात नव्हते. साहेबांनी विचारले, हे तुला कोणी शिकवले? ती म्हणाली, "सर, आमच्या घरी रोज संध्याकाळी हाच हिशेब असतो."

लबाडी नव्हती हो त्यात. एक ट्रक ३१ ला रात्री उतरला, हमालांना पैसे त्याच रात्री दिले, आणि खरेदी लिहिली १ एप्रिलला. पण वर्षअखेरीच्या ताळेबंदात असा एक ट्रक इकडचा तिकडे झाला की साठा आणि देणे दोन्ही चुकतात. लेखापरीक्षक शोधत असतो ते नेमके हेच. त्या दिवसापासून साहेब तिला प्रत्येक मोठ्या कामाला नेऊ लागले.

शेवटच्या वर्षी मान्यताप्राप्त कंपनीत काम शिकण्याची सोय असते, त्यासाठी ती पुण्याला गेली. आणि तिथे बडोदा पुन्हा उभे राहिले. काठ्या घेऊन कोणी आले नाही, तसे आता होत नाही. फोनवर खोली असायची, भेटायला गेले की "कालच गेली" व्हायचे. तीन आठवडे तिने दूरच्या मावशीकडे, स्वयंपाकघरात झोपून काढले. खोली मिळाली तर डिपॉझिट २०,००० रुपये. हमालाच्या घरात एकरकमी २०,००० कुठून येणार? ते आपल्या वस्तीतल्या महिला बचत गटाने दिले. उपकार म्हणून नव्हे, कर्ज म्हणून. आणि तिने ते व्याजासकट फेडले. या बाया आज इथे बसल्या आहेत. उमेदवारी टिकली ती त्यांच्यामुळे, आम्ही मोठ्या गप्पा मारणाऱ्यांमुळे नव्हे. आज ती पुण्यात एका वित्तसंस्थेच्या कर्जविभागात आहे, छोट्या कारखान्यांचे ताळेबंद वाचून कर्ज द्यावे की नाही याची टिपणी लिहिते. सी.ए. फायनलचा एक ग्रुप अजून राहिला आहे, तेही आम्ही लपवत नाही.

तिच्याबरोबरचा एक मुलगा होता, नांदेडचा. गुण तिच्यापेक्षा जास्त. देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला गेला, चार महिन्यांनी परत आला. विद्यावेतन लोकलच्या पासात आणि जेवणात संपायचे, घरून मागायची लाज वाटायची. त्याने कोणाला सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. आता त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, चांगले चालते. भेटला की हसून बोलतो. आम्हाला मात्र त्याच्याकडे बघवत नाही.

सरकारी योजनांबद्दल मुले विचारतात. २०२४ साली केंद्राने पंतप्रधान इंटर्नशिप योजना काढली, मोठ्या कंपन्यांत वर्षभर काम, महिना ५,००० रुपये. त्याच वर्षी राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात बारावी झालेल्याला ६,०००, आय.टी.आय. किंवा पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० असे ठरवले होते. अशा योजनांचे नियम बदलतात, म्हणून अर्ज करायच्या आधी रविवारी येऊन विचारा. नव्या धोरणात एम.कॉम.च्या पहिल्याच वर्षी प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक आले आहेत. मुले ते कुणाच्या तरी सहीशिक्क्यावर उरकतात, आणि त्यासारखे नुकसान नाही. नुसत्या सहीची आर्टिकलशिपही तशीच. मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत पितळ उघडे पडते. आणि जो तुमच्याकडून पैसे घेऊन इंटर्नशिपचे सर्टिफिकेट देतो म्हणतो, त्याच्या जिन्यावरूनच परत फिरा.

सी.ए. झालाच पाहिजे असेही नाही. लातूरच्या आडतीवर, गंजगोलाईतल्या दुकानांत, नांदेडच्या वजिराबादेत हिशेब नीट लिहिणारा माणूस शोधूनही सापडत नाही, असे व्यापारी आम्हालाच सांगतात. म्युच्युअल फंडाचे काम करायचे तर एन.आय.एस.एम.ची परीक्षा आहे, घरी बसून अभ्यास होतो. पण सुरुवातीला कोणाच्या तरी शेजारी बसावे लागते, ते चुकत नाही.

म्हणून आम्ही एक वही घातली आहे. साधी, लांब पानांची, खतावणीसारखी. डाव्या पानावर आपल्या समाजातल्या आणि ओळखीच्या अशा लोकांची नावे, जे एखाद्या मुलाला आपल्या टेबलाशेजारी बसू देतील किंवा त्याच्यासाठी एक फोन करतील. उजव्या पानावर मुलांची नावे. आज डावीकडे नऊ नावे आहेत आणि उजवीकडे एकतीस. तेरीज जुळत नाही, हे सांगायला हिशेबनीस कशाला हवा! पुण्यात खोली भाड्याने घेऊन दोन-दोन मुले ठेवण्याचाही विचार आहे, पण करारनामा कोणाच्या नावाने करायचा यावर आमच्यातच अजून एकमत झालेले नाही.

वही ग्रंथालयाच्या कपाटाशेजारच्या टेबलावर ठेवली आहे. भोजनदानाची पंगत बसायला अजून अर्धा तास आहे, तोवर डाव्या पानासाठी ज्यांच्याकडे नाव असेल त्यांनी तिकडे यावे. पेन दोऱ्याने बांधलेला आहे.

जयभीम.