बंधनकारक नसलेले ठराव

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



नागरिकशास्त्राचं एक उत्तर मला अजून पाठ आहे : संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे ठराव शिफारसवजा असतात, सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक नसतात. मग ते करायचेच कशाला, हे मी बाईंना विचारलं नाही. पुढचा धडा पाठ करायचा होता ना!

१९९५च्या मार्चमध्ये आपण दहावीचे पेपर दिले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला हेगमधल्या युगोस्लाव्हियाविषयक न्यायाधिकरणाने दुश्को तादिच याच्या अर्जावर निकाल दिला. बोस्नियातल्या प्रियेदोर भागात, ओमार्स्कासारख्या छावण्यांत १९९२ साली कैद्यांचे हाल केल्याचा त्याच्यावर आरोप होता. बचाव असा, की हे अंतर्गत युद्ध. युद्धगुन्ह्यांचे नियम दोन देशांमधल्या लढाईसाठी आहेत.

तह पाहिले तर मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. यादवी युद्धाबद्दल तहांत फार थोडं लिहिलेलं होतं. न्या. अंतोनियो कासेसे यांच्या अध्यक्षतेखालच्या अपील पीठाने मग इतरत्र शोध घेतला. सैन्यांच्या नियमपुस्तिका, बियाफ्राच्या युद्धात नायजेरियाने आपल्या सैनिकांना दिलेल्या सूचना, आणि आपले ते 'शिफारसवजा' ठराव! १९६८चा २४४४ क्रमांकाचा ठराव सांगतो की नागरिकांवर हल्ला करायचा नाही, लढणारा आणि न लढणारा यांत फरक करायचा. तो एकमताने झाला होता. पीठाचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन देशांच्या युद्धात जे अमानुष, ते घरच्या भांडणात माणुसकीचं कसं होईल?

माझ्या कामात हे ओळखीचं आहे. इंटरनेटचे नियम ज्या दस्तऐवजांत आहेत त्यांचं नावच 'रिक्वेस्ट फॉर कमेंट्स', म्हणजे अभिप्राय कळवा. पाळायची सक्ती कुणावर नाही, तरी सगळे पाळतात. पण आमच्याकडे नियम चुकला तर जोडणी तुटते. तिथे माणूस तुरुंगात जातो. म्हणून मला हा निकाल वाचताना धाकधूकही वाटली. शिफारशीवरून शिक्षा? आज तादिच आहे, उद्या कुणीही असेल. दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं, की पीठाने ठरावाला कायदा म्हटलेलंच नाही. देश काय मान्य करून बसलेत, त्याचा तो एक पुरावा. पुस्तिका, सूचना, ठराव असे अनेक पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतात, तेव्हाच रूढी सिद्ध होते. हा फरक मला पटला. सगळ्या कायदेपंडितांना पटलेला नाही.

तादिचला अखेरीस २० वर्षांची शिक्षा झाली. १९९२च्या उन्हाळ्यात ओमार्स्कात असलेल्यांना मात्र २४४४ क्रमांकाचा काहीच उपयोग झाला नाही. तो ठराव तेव्हा २३ वर्षांचा होता.

बाई, आपलं उत्तर बरोबरच होतं. फक्त त्याखाली 'का?' असा एक उपप्रश्न हवा होता, दोन गुणांचा.